ख्रिस्ती धर्म आणि वर्णजातिसमतेचा लढा

ख्रिस्ती धर्म आणि वर्णजातिसमतेचा लढा : जन्मावर आधारलेली उच्चनीचता, मग ती कातडीच्या रंगावरून ठरविलेली असो वा जातीवरून, ख्रिस्ती श्रद्धेशी सुसंगत आहे काय, या प्रश्नातून उभ्या राहिलेल्या विचारांचा व चळवळींचा इतिहास. अमेरिकेत हा प्रश्न गुलामगिरी आणि वर्णभेद यांच्या संदर्भात उपस्थित झाला, तर भारतात तो प्रामुख्याने अस्पृश्यतेच्या संदर्भात पुढे आला. प्रस्तुत नोंदीत ‘वर्ण’ हा शब्द कातडीचा रंग या अर्थी योजिला असून चातुर्वर्ण्याशी त्याचा संबंध नाही. या दोन लढ्यांची गाठ ज्या प्रदेशांत प्रत्यक्ष पडली, त्यांत महाराष्ट्राचे स्थान महत्त्वाचे आहे.

धर्मतत्त्व व व्यवहार : सर्व मानव ईश्वराच्या प्रतिरूपात निर्माण झाले आहेत, हे बायबलच्या आरंभीचे प्रतिपादन आणि ख्रिस्ताच्या ठायी यहुदी व ग्रीक, दास व स्वतंत्र, स्त्री व पुरुष हे भेद उरत नाहीत, हा प्रेषित पौलाचा उपदेश, या दोहोंवर ख्रिस्ती समताविचार उभा आहे. तथापि दासांनी धन्यांच्या आज्ञेत राहावे, असे सांगणारी वचनेही त्याच ग्रंथात आहेत व अमेरिकेतील गुलामांच्या मालकांनी त्यांचा आधार घेतला. त्यामुळे एकच श्रद्धा गुलामगिरीचे समर्थन करणाऱ्यांनाही उपयोगी पडली आणि ती नष्ट करू पाहणाऱ्यांनाही. भारतातही असेच घडले. जात ही निव्वळ सामाजिक रूढी असून धर्मांतरानंतर ती पाळण्यास हरकत नाही, असे मानणारा एक पक्ष होता. जात पाळणे म्हणजे ख्रिस्ताला नाकारणे होय, असे मानणारा दुसरा.

गोव्यातील अनुभव : गोव्यात १५१० मध्ये पोर्तुगीज सत्ता स्थापन झाली. तेथील धर्मांतरे बहुधा गावेच्या गावे व जातीच्या जाती मिळून झाल्याने जुने जातिभेद नव्या समाजात तसेच उतरले. बामण, चार्दो व सुदीर हे वर्ग ख्रिस्ती झाल्यावरही वेगळे राहिले आणि चर्चमधील बंधुसंघ, म्हणजे कॉन्फ्रारिया, जातवार विभागले गेले. याच समाजातील उच्चवर्णीयांना गोऱ्या धर्मसत्तेकडून मात्र वंशभेद सोसावा लागला. दिवाडी बेटावरील मातेउश द काश्त्रू हे १६३७ मध्ये बिशप झाले. रोमने त्यांची नेमणूक केली असूनही गोव्याच्या पोर्तुगीज धर्माधिकाऱ्यांनी त्यांचा अधिकार मानला नाही. पुढे १७८७ मध्ये पिंटोंचे बंड म्हणून ओळखला जाणारा कट उघडकीस आला. त्यात एतद्देशीय धर्मगुरू प्रमुख होते आणि मोठी धर्मपदे केवळ गोऱ्यांना मिळतात, ही त्यांची एक मुख्य तक्रार होती. आपल्यावरील अन्यायाची तीव्र जाणीव असलेला वर्ग आपण इतरांवर करीत असलेल्या अन्यायाकडे डोळेझाक करू शकतो, याचे हे लक्षणीय उदाहरण होय.

अमेरिकन मराठी मिशन : गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईस आले. त्यांच्या कार्यातून अमेरिकन मराठी मिशन आकारास आले आणि १८३१ मध्ये अहमदनगर येथे त्याचे केंद्र स्थापन झाले. आरंभीच्या धर्मांतरितांत महार समाजातील लोकांचा भरणा होता. काही ब्राह्मणही होते. १८३९ मध्ये हरिपंत खिस्ती यांनी धर्मांतर केले. प्रभुभोजनाच्या विधीत एकाच पेल्यातून द्राक्षारस घेणे व एकाच भाकरीचे तुकडे खाणे, हे ब्राह्मण व महार या दोघांनाही चुकविता येण्यासारखे नव्हते. त्यामुळे या विधीला केवळ धार्मिक नव्हे, तर सामाजिक अर्थही प्राप्त झाला.

ज्या अमेरिकन बोर्डाने हे मिशन चालविले, त्याची मायदेशातील भूमिका मात्र अशी नि:संदिग्ध नव्हती. चेरोकी व चोक्टॉ या आदिवासी जमातींतील ख्रिस्ती लोकांपैकी काही जण गुलाम बाळगून होते. त्यांना चर्चचे सदस्यत्व द्यावे काय, हा वाद १८४० नंतरच्या दशकात बोर्डापुढे आला असता बोर्डाने कठोर निर्णय घेण्याचे टाळले. यातून गुलामगिरीविरोधी ख्रिस्ती कार्यकर्त्यांनी १८४६ मध्ये अमेरिकन मिशनरी असोसिएशन ही वेगळी संस्था काढली. नगरच्या चर्चमध्ये जात सोडण्याचा आग्रह आणि स्वदेशात गुलामांच्या मालकांबाबत मौन, अशी ही विसंगती होती.

मिशनची शिक्षणविषयक कामगिरी अधिक दूरगामी ठरली. १८५६ मध्ये धारवाड येथील सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारण्यात आला आणि मुंबई सरकारने त्या नकारात हस्तक्षेप केला नाही. अशा काळात मिशनच्या शाळा अस्पृश्य मुलांना उघड्या होत्या. सिंथिया फॅरार यांनी मुंबईत व नंतर अहमदनगर येथे मुलींच्या शाळा चालविल्या. मिशनचे ज्ञानोदय हे नियतकालिक १८४२ मध्ये सुरू झाले. महात्मा फुले यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मांग समाजातील विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दु:स्थितीविषयीचा निबंध १८५५ मध्ये याच नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अस्पृश्य स्त्रीने स्वतःच्या समाजाच्या वतीने केलेले मराठीतील हे आरंभीचे लेखन होय.

फुले यांचा दुवा : जोतीराव फुले (१८२७–९०) यांचे इंग्रजी शिक्षण पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत झाले. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाही. मात्र ख्रिस्ताकडे त्यांनी बळीराजाच्या परंपरेतील दीनांचा कैवारी म्हणून पाहिले. १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेला गुलामगिरी हा आपला ग्रंथ त्यांनी कृष्णवर्णीयांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. अमेरिकेतील यादवी युद्ध (१८६१–६५) संपून व गुलामगिरी कायद्याने रद्द होऊन तेव्हा जेमतेम आठ वर्षे लोटली होती. शूद्रातिशूद्रांची स्थिती व अमेरिकेतील गुलामांची स्थिती एकाच पंक्तीत ठेवून पाहण्याचा हा मराठीतील पहिला ठळक प्रयत्न होय. त्याच वर्षी २४ सप्टेंबर रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला. सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात (१८९१) एकाच कुटुंबातील माणसांनी निरनिराळे धर्म अनुसरूनही सलोख्याने नांदावे, असे प्रतिपादन त्यांनी केले आहे. समतेसाठी विशिष्ट धर्मात प्रवेश करणे अपरिहार्य नाही, ही त्यांची भूमिका मिशनऱ्यांपेक्षा मूलतः वेगळी होती.

कृष्णाकाठ व कुंडल परिसर : दक्षिण महाराष्ट्रात रॉयल वाइल्डर यांनी १८५२ मध्ये कोल्हापूर येथे मिशनचे काम सुरू केले. १८७० मध्ये ते अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनकडे आले आणि पुढे सांगली, मिरज, इस्लामपूर, कोडोली या ठिकाणी पसरले. विल्यम वानलेस (१८६५–१९३३) यांनी मिरज येथे उभारलेले रुग्णालय १८९४ मध्ये सुरू झाले. रोग्याच्या देहाला स्पर्श केल्यावाचून वैद्यकीय सेवा संभवत नाही. त्यामुळे शिवाशिवीच्या रूढीला रुग्णालयाने वादविवादाविना दिलेला धक्का प्रवचनांपेक्षा अधिक परिणामकारक ठरला. कृष्णाकाठच्या गावगाड्यात मात्र धर्मांतरितांची वस्ती बहुधा गावकुसाबाहेरच राहिली. बलुत्याची कामे व त्यांवरील उपजीविका सुटत नसल्याने नाव व उपासना बदलली, तरी गावाच्या दृष्टीने माणसाची जात बदलली नाही.

याच टापूत समतेचा दुसरा प्रवाह सत्यशोधक चळवळीतून आला. क्रांतिसिंह नाना पाटील (१९००–७६) यांच्यावर त्या चळवळीचे संस्कार होते. तत्कालीन औंध संस्थानातील कुंडल हे गाव (सध्या सांगली जिल्हा, पलूस तालुका) १९४३–४६ या काळातील साताऱ्याच्या प्रतिसरकारचे एक प्रमुख केंद्र होते. कुंडलचे जी. डी. ऊर्फ बापू लाड (१९२२–२०११) हे तुफान सेनेचे अग्रणी होते. लोकन्यायालये, कमी खर्चाचे विवाह, दारूबंदी यांबरोबरच अस्पृश्यतानिवारण हाही प्रतिसरकारच्या कार्यक्रमाचा भाग होता. या चळवळीचे अधिष्ठान ख्रिस्ती नव्हते. पण मिशनच्या शाळेत शिकलेल्या फुल्यांपासून सत्यशोधक समाजापर्यंत व तेथून कुंडलच्या कार्यकर्त्यांपर्यंत विचारांची एक साखळी दाखविता येते. मिशनने आणलेल्या समतेच्या कल्पनेचा मोठा परिणाम असा चर्चच्या कक्षेबाहेर झालेला दिसतो.

मराठी ख्रिस्ती विचारवंत : बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांनी १८५४ मध्ये बेळगाव येथे बाप्तिस्मा घेतला. अरुणोदय (१८८८) या त्यांच्या आत्मचरित्रात जातीच्या बंधनांतून बाहेर पडताना होणारी मानसिक ओढाताण व्यक्त झाली आहे. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या व १८८६ मध्ये अमेरिकेस गेल्या. यूनाइटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त (१८८९) या ग्रंथात त्यांनी अमेरिकेतील स्वातंत्र्य व लोकशाही यांची मुक्तकंठाने प्रशंसा केली. परंतु तेथील मूळ रहिवाशांवर व कृष्णवर्णीयांवर झालेला अन्यायही नजरेआड केला नाही. शारदासदनात त्यांनी प्रथम उच्चवर्णीय विधवांच्या जातिनियमांना मुभा दिली होती. १८९६–९७ च्या दुष्काळानंतर मात्र केडगावच्या मुक्तिसदनात सर्व जातींच्या मुली एकत्र राहू लागल्या. गोऱ्या धर्मगुरूंच्या आज्ञेत निमूटपणे राहण्यास त्यांनी दिलेला नकार हाही या लढ्याचाच एक भाग होय.

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये धर्मांतर केले. ख्रिस्ती होणे म्हणजे पाश्चात्य होणे नव्हे, असे त्यांचे आग्रही मत होते. मिशनच्या पगारी चाकरीतून मुक्त होऊन १९१७ मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ ही भारतीय पद्धतीची बंधुसंस्था स्थापन केली. लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या स्मृतिचित्रे या आत्मकथनात सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या एका ब्राह्मण स्त्रीच्या मनातून जात कशी पायरीपायरीने गळून पडली, याचे विलक्षण प्रांजळ चित्रण आहे. बाप्तिस्मा एका दिवसात होतो. जात जाण्यास वर्षे लागतात, हे त्यांच्या आत्मकथनावरून ध्यानी येते.

मिशनमधील गोरे व एतद्देशीय यांच्यातील अंतर हा त्या काळी देशभर चर्चेचा विषय होता. एडिंबरो येथील जागतिक मिशनरी परिषदेत (१९१०) दक्षिण भारतातील व्ही. एस. अझरया यांनी मिशनऱ्यांनी उपकारकर्त्याची भूमिका सोडून मैत्रीचे नाते जोडावे, अशी स्पष्ट मागणी केली. चर्चचा कारभार क्रमाक्रमाने भारतीयांच्या हाती आला आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे उत्तर भारताचे चर्च (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) या संयुक्त चर्चची स्थापना झाली.

आंबेडकरांची मीमांसा : १९३५ मध्ये येवला येथे धर्मांतराची घोषणा केल्यानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकर (१८९१–१९५६) यांनी ख्रिस्ती धर्माचा बारकाईने विचार केला. शिक्षण व वैद्यकीय सेवा यांतील मिशनची कामगिरी त्यांना मान्य होती. मात्र धर्मांतरितांनी जात बरोबर नेली व चर्चने ती चालू दिली, हा त्यांचा पहिला आक्षेप होता. दुसरा आक्षेप अधिक मूलगामी होता : माणसाच्या दु:खाचे मूळ त्याच्या पापात आहे, या शिकवणीमुळे अन्यायी समाजरचनेवरून त्याचे लक्ष उडते, परिणामी ख्रिस्ती झालेला अस्पृश्य सामाजिक अन्यायाविरुद्ध संघटित होऊन उभा राहत नाही, असे त्यांनी दाखविले. हे लेखन त्यांच्या हयातीत अप्रकाशित राहिले. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या समग्र लेखनाच्या पाचव्या खंडात (१९८९) ते प्रसिद्ध झाले. १९४६ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते व विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार झाला. कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे करावयाच्या अर्जाविषयी आंबेडकरांनी त्यात विचारणा केली होती.

अमेरिकेतील लढा व महाराष्ट्र : कृष्णवर्णीय धर्मोपदेशक हॉवर्ड थर्मन हे १९३५–३६ मध्ये भारत व श्रीलंका (तत्कालीन सिलोन) यांच्या दौऱ्यावर आले. ज्या धर्माच्या अनुयायांनी तुमच्या पूर्वजांना गुलाम केले, त्याच धर्माचे प्रतिनिधी म्हणून तुम्ही कसे येता, असा प्रश्न त्यांना कोलंबो येथे विचारण्यात आला. त्यांच्या पुढील चिंतनास त्यातून दिशा मिळाली आणि येशू व वंचित या विषयावरील त्यांचा ग्रंथ १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. फेब्रुवारी १९३६ मध्ये बार्डोली येथे थर्मन यांनी, तर त्यानंतर वर्षभराच्या आत वर्धा येथे बेंजामिन मेझ यांनी महात्मा गांधींची भेट घेतली. मेझ हे पुढे मोअरहाउस महाविद्यालयाचे अध्यक्ष झाले. मार्टिन ल्यूथर किंग (१९२९–६८) हे त्याच महाविद्यालयाचे विद्यार्थी होते.

नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय या इतिहासात विशेष उल्लेखनीय आहे. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी १८४६ मध्ये सुरू केलेल्या शाळेतून १८८३ मध्ये हे महाविद्यालय विकसित झाले. जेम्स लॉसन (१९२८–२०२४) हे तरुण कृष्णवर्णीय मेथडिस्ट कार्यकर्ते १९५३ ते १९५६ या काळात तेथे होते. ख्रिस्ती अहिंसेवरील निष्ठेमुळे सक्तीच्या लष्करभरतीस नकार देऊन त्यांनी अमेरिकेत तुरुंगवास भोगला होता. नागपुरात त्यांनी विद्यार्थ्यांना खेळांचे प्रशिक्षण दिले आणि गांधींच्या सत्याग्रहतंत्राचा अभ्यास केला. डिसेंबर १९५५ मध्ये माँगमरी येथे कृष्णवर्णीयांनी वर्णभेदाविरुद्ध बसगाड्यांवर बहिष्कार घातल्याचे वृत्त त्यांनी नागपूरच्या वृत्तपत्रातच वाचले. मायदेशी परतल्यावर १९५७ मध्ये त्यांची किंग यांच्याशी भेट झाली व किंग यांच्या आग्रहावरून ते दक्षिणेत गेले. नॅशव्हिल येथे त्यांनी विद्यार्थ्यांसाठी अहिंसक प्रतिकाराचे वर्ग चालविले. शिव्या, थुंकणे, मारहाण हे सारे प्रतिहल्ला न करता कसे सोसावे, याचा त्यांत प्रत्यक्ष सराव करून घेतला जाई. या तयारीच्या बळावर फेब्रुवारी १९६० मध्ये तेथील उपाहारगृहांत बैठा सत्याग्रह झाला आणि मे महिन्यात शहरातील उपाहारगृहे सर्वांना खुली होऊ लागली. लॉसन यांना मात्र व्हँडरबिल्ट विद्यापीठाने काढून टाकले होते. १९६८ मध्ये मेंफिस येथील सफाई कामगारांच्या संपात त्यांनी पुढाकार घेतला व किंग यांना तेथे बोलाविले. ४ एप्रिल १९६८ रोजी तेथेच किंग यांची हत्या झाली. शहराची घाण उपसण्याचे काम एका विशिष्ट समूहाच्याच वाट्याला यावे व त्यालाच तुच्छ लेखावे, हा प्रकार भारतीय वाचकास अपरिचित नाही.

किंग यांनी स्वतः १९५९ मध्ये भारताचा दौरा केला. मुंबईत त्यांचा मुक्काम मणिभवन येथे होता. अस्पृश्यतेवरील कायदेशीर बंदी व अस्पृश्यांसाठीच्या विशेष सवलती यांची त्यांनी परतल्यावर प्रशंसा केली. अमेरिकेतील या घडामोडींचे पडसाद महाराष्ट्रात पुन्हा उमटले. तेथील ब्लॅक पँथर या संघटनेच्या (स्थापना १९६६) नावावरून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर ही संघटना स्थापन झाली. मराठवाड्यातील दलित वारसा सांगणारे अरविंद निर्मळ यांनी १९८१ मध्ये बंगलोर येथील आपल्या व्याख्यानात शूद्रांच्या ईश्वरविद्येची कल्पना मांडली. पुढे ती दलित ईश्वरविद्या म्हणून विकसित झाली. अमेरिकेत जेम्स कोन यांनी १९६९ पासून मांडलेल्या कृष्णवर्णीय ईश्वरविद्येशी तिचे नाते आहे. दोहोंतही ख्रिस्त हा केवळ दीनांवर दया करणारा नसून स्वतः अवमानितांपैकी एक आहे, हे सूत्र मध्यवर्ती आहे.

अनिर्णित प्रश्न : किंग यांनी ज्या सवलतींचा गौरव केला, त्यांतून ख्रिस्ती झालेले अस्पृश्य वगळलेले होते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवण्यात आला. १९५६ मध्ये तो शीख व १९९० मध्ये बौद्ध धर्मीयांना लागू झाला. ख्रिस्ती व मुस्लिम यांना मात्र तो मिळाला नाही. सूसाई खटल्यात (१९८५) सर्वोच्च न्यायालयाने हा आदेश वैध ठरविला. धर्मांतरानंतरही पूर्वीचे सामाजिक दौर्बल्य तितक्याच तीव्रतेने टिकून असल्याचे सिद्ध व्हावयास हवे, असे न्यायालयाचे मत पडले. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ च्या अहवालात धर्माची अट काढून टाकण्याची शिफारस केली. पुढे २०२२ मध्ये याच प्रश्नाच्या अभ्यासासाठी न्या. के. जी. बालकृष्णन् यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमण्यात आला.

या प्रश्नामुळे चर्चपुढे एक पेच उभा राहतो. दलित ख्रिस्ती व्यक्तीस सवलत हवी असेल, तर ख्रिस्ती समाजात जात टिकून आहे हे मान्य करावे लागते, आणि हे मान्य करणे म्हणजे समतेच्या आपल्या दाव्यातील उणीव कबूल करणे होय. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने २०१६ च्या आपल्या धोरणपत्रात चर्चमधील अस्पृश्यतेची अशी कबुली दिली. अँथनी पूला हे २०२२ मध्ये पहिले दलित कार्डिनल झाले. स्वतंत्र दफनभूमी, जातीनिहाय विवाह आणि अधिकारपदांवरील विषम वाटणी यांविरुद्धच्या तक्रारी देशाच्या विविध भागांतून तरीही येत राहिल्या आहेत.

मूल्यमापन : २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती सुमारे १०.८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या १ टक्क्याहून किंचित कमी, तर बौद्ध सुमारे ६५.३ लाख होते. जातीतून मुक्तीचा मार्ग म्हणून महाराष्ट्रातील बहुसंख्य पूर्वास्पृश्यांनी ख्रिस्ती धर्माऐवजी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात खुला झालेला बौद्ध धर्माचा मार्ग स्वीकारला, असा याचा अर्थ होतो. त्यामागे आंबेडकरांच्या नेतृत्वाइतकीच चर्चमधील जातिभेदाची व परकी सत्तेशी जडलेल्या नात्याची जाणीवही होती. संख्येने अल्प असूनही महाराष्ट्रातील ख्रिस्ती परंपरेचा समतेच्या लढ्यातील वाटा मोठा आहे. अस्पृश्यांच्या मुलांना तिने शाळेचे दार उघडून दिले, त्यांच्या गाऱ्हाण्यास छापील अक्षराचे बळ दिले आणि अमेरिकेतील वर्णभेदाविरुद्धच्या लढ्यास नागपुरातून एक कार्यकर्ता दिला. चर्चच्या बाहेर तिने पेरलेला विचार अनेकदा चर्चच्या आतल्यापेक्षा अधिक जोमाने वाढला. स्वतःच्या घरातील जातिभेदाशी तिचा झगडा मात्र अद्याप संपलेला नाही.